उरलेला रंग कुणाचा?



सणाच्या आधी आमच्या सोयगावच्या घराला रंग दिला. भिंती उजळल्या, दारे चकाकली, पाहुणे येऊन कौतुक करून गेले. आठवडाभराने जिन्याखाली झाडलोट करताना पाच डबे-बाटल्या सापडल्या. भिंतींच्या रंगाचे दोन डबे, दारांच्या ऑइल पेंटचा एक, प्रायमरचा एक आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेले थिनर. त्यांच्या मागे आणखी दोन डबे होते, मागच्या खेपेचे, झाकणे गंजलेले. कोणत्या खोलीचा रंग, कोणत्या वर्षाचा, घरात कुणालाच आठवेना.

पुढे मी काय केले ते लिहितो, कारण या संपादकीयाची सुरुवात माझ्याच चुकीतून झाली आहे. ज्या डब्याच्या तळाशी दोन बोटे ऑइल पेंट उरला होता, तो मी काळ्या पिशवीत घातला, गाठ मारली आणि सकाळी घंटागाडीत दिला. पिशवी बांधली की आतले कुणाला दिसत नाही, एवढाच माझा हिशेब. गाडीवरच्या ताईंच्या हाताला वजन लागले, म्हणून त्यांनी पिशवी सोडून पाहिली. डब्याचे झाकण सैल होते. हिरवा रंग त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओघळला. त्या चिडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, आत रंग आहे हे सांगितलं असतं, तर सरळ धरला असता ना डबा."

मी घरातून गोडेतेल आणि साबण आणून दिला. रंग बराचसा निघाला. गाडी पुढे गेली. पण दिवसभर तो हिरवा हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी वर्षानुवर्षे श्रमप्रतिष्ठेवर लिहितो, बोलतो. आणि माझ्या घरातली नकोशी झालेली वस्तू मी गाठ मारून, न सांगता, एका कष्टकरी बाईच्या हातात ठेवली होती. मी डबा टाकला असे मला वाटले, प्रत्यक्षात तो फक्त दुसऱ्याच्या अंगावर गेला होता.

म्हणून या वेळी उरलेल्या रंगाविषयी लिहायचे ठरवले. विषय किरकोळ वाटेल. पण ज्या वस्तूचे पुढे काय होते हे कुणीच विचारत नाही, त्या वस्तूची किंमत नेहमी सगळ्यात कमकुवत माणसाला मोजावी लागते.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक रंगात छटा देणारी पूड असते, ती भिंतीला धरून ठेवणारा चिकट भाग असतो, सगळे पातळ ठेवणारा द्रव असतो आणि वरून बुरशी लागू नये, लवकर वाळावे यासाठी घातलेली रसायने असतात. डिस्टेंपर आणि इमल्शन पाण्यात विरघळतात. ऑइल पेंट, इनॅमल, वॉर्निश आणि लाकडाचे पॉलिश यांना टर्पेंटाइन किंवा थिनर लागते. हे थिनर पेट घेते आणि त्याच्या वाफेने डोके जड होते. ते पाण्याच्या बाटलीत ठेवणे ही तर उघड जोखीम आहे. उन्हाळ्यात धावत आलेले पोर बाटली पाहते, लेबल पाहत नाही. माझ्या जिन्याखाली तीच बाटली होती.

दुसरा धोका शिशाचा. रंग गडद, चमकदार आणि टिकाऊ व्हावा म्हणून पिवळ्या, केशरी, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगे घालण्याची जुनी पद्धत होती. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात चिंता करावी इतके शिसे आहे. त्याला रंग हे एकमेव कारण नाही, बॅटऱ्यांचे भंगार, भांडी, मसाले अशी इतरही आहेत. पण रंग त्यात आहेच. आपल्या देशात घरगुती रंगात दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी काढण्यात आला आणि वर्षभराने लागू झाला. म्हणजे जिन्याखालचा गंजलेला डबा त्याआधीचा असेल, तर तो आजच्या नियमात बसेलच असे नाही. घराच्या जुन्या दारावर चढलेले पाच-सहा थरही त्याच काळातले असू शकतात.

आता हा रंग जातो कुठे? आपल्या गावात त्याच्या चार वाटा आहेत.

पहिली वाट गटाराची. रंगकाम संपले की कुंचले, रोलर, बादल्या अंगणातल्या नळाखाली धुतल्या जातात. पांढुरके पाणी उघड्या नालीतून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला मिळते. आपला तालुका मराठवाड्यात असला, तरी अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेला आहे. आपले पाणी गोदावरीकडे न जाता खानदेशात तापीकडे जाते. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते, तिच्यावरच्या धरणातून जळगाव शहर पाणी पिते. वरच्या गावाने पाण्यात काय सोडले, ते खालच्या गावाला कळत नाही.

दुसरी वाट मातीची. परसात खड्डा करायचा आणि डबा पालथा करायचा. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत साठते, म्हणून तर विहिरींना पाणी लागते. थिनरसारखा द्रव त्याच फटींतून उतरतो. ज्या जमिनीवर आपली विहीर उभी आहे, तिच्यातच तो ओतायचा, हे शहाणपणाचे नव्हे.

तिसरी वाट भंगाराची. लोखंडी डब्याला किलोवर भाव मिळतो. पण भंगारवाला उरलेल्या रंगाचे पैसे देत नाही. मग तो रंग कुठेतरी ओतला जातो, किंवा डबा आगीत टाकून जाळून साफ केला जातो. त्या धुरात काय असते याचा विचार ना विकणारा करतो, ना घेणारा. वीस लिटरच्या प्लास्टिकच्या बादल्यांचे तर आपण कौतुकच करतो. घासून-पुसून त्यांत पिण्याचे पाणी, पीठ, लोणचेसुद्धा भरतो. ही बादली अन्नासाठी बनवलेली नसते. फुलझाडांना आणि बांधकामाला ती खुशाल वापरावी, खाण्यापिण्याला नको.

चौथी वाट उकिरड्याची, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत महाग. गुरांना अनोळखी वस्तू चाटून पाहायची सवय असते. गुरांना शिशाची बाधा होण्याची दोन नेहमीची कारणे पशुवैद्यक सांगतात: फेकलेल्या बॅटऱ्या आणि रंगाचे टाकलेले डबे. जनावर आंधळ्यासारखे भिंतीला धडकते, दात खाते, झटके येऊन पडते. शेतकरी साप चावला म्हणतो, कुणी विष घातले म्हणतो, शेजाऱ्याशी भांडण होते. उकिरड्यावरच्या डब्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पोळ्याला उरलेला ऑइल पेंट बैलाच्या शिंगांना फासायची पद्धतही आता अनेक गावांत पडली आहे. ज्याच्या कष्टाचे आभार मानायचा तो दिवस, त्याच्याच शिंगांवर आपण जिन्याखालचा जुना डबा रिकामा करतो. गेरू स्वस्त आहे आणि दिसतोही छान.

या चार वाटांवर उभी असलेली माणसे कोण? घंटागाडीवरच्या ताई, भंगार वेचणारी पोरे, कचरा डेपोशेजारचे गाव आणि स्वतः पेंटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगकामाच्या व्यवसायाला कर्करोगाचे निश्चित कारण ठरलेल्या पहिल्या गटात घातले आहे. रंगकाम, भंगार, वेल्डिंग, गॅरेज या कामांवर पोट असलेली माणसे कोणत्या मोहल्ल्यांतून आणि कोणत्या वस्त्यांतून येतात, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. त्यांच्या हक्कांवर आपण परिषदा घेतो. त्यांच्या फुप्फुसांवरही बोलायला हवे.

आपल्या तालुक्याला रंगाचा मोठा वारसा आहे. फर्दापूरजवळच्या लेण्यांतली चित्रे दीड हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, काजळी, चुना आणि परदेशातून आलेला निळा लाजवर्द यांतून ती साकारली. आजच्या डब्यातला रंग तसा नाही. तो बहुतांशी कारखान्यात तयार झालेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा असतो आणि ओढ्यात पडला तरी माती होत नाही. त्याच लेण्यांत दुसराही धडा आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी चित्रांवर संरक्षक लेप दिला. हेतू चांगला होता, कामही मनापासून केले. पण लेप काळाबरोबर पिवळा-काळपट पडला आणि तो उतरवण्यासाठी पुरातत्त्व खात्याला पुढे अनेक वर्षे खपावे लागले. लावायला थोडा काळ लागला, काढायला पिढ्या गेल्या. पाण्यात आणि मातीत गेलेल्या रसायनाचेही असेच असते.

कायदा याबद्दल गप्प नाही. एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातल्या कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले: ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा. या तिसऱ्या भागाच्या व्याख्येत पहिल्या काही शब्दांतच टाकलेले रंगाचे डबे होते. त्यांच्या जोडीला कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या आणि सुया. स्थानिक संस्थेने दर २० चौरस किलोमीटर किंवा त्याच्या भागासाठी असा कचरा स्वीकारणारे एक केंद्र उघडावे, त्याच्या वेळा जाहीर कराव्यात आणि तो सुरक्षितपणे विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा, असेही त्यात लिहिले होते. नगरपंचायतही यात आली. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने सार्वजनिक आरोग्य आणि घनकचरा व्यवस्थापन हे विषय नगरपालिकांकडे सोपवलेलेच आहेत.

मला इथे कोणत्याही एका कार्यालयाकडे बोट दाखवायचे नाही. अडचण खरी आहे. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामाईक केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी अशा औद्योगिक पट्ट्यांत आहेत. सोयगावहून रांजणगाव अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर. दहा डबे घेऊन तिकडे गाडी पाठवणे कुणालाच परवडणार नाही. पण गावागावांतून कचरा साठवून, जिल्ह्याने एकत्र करून, वर्षातून एक-दोन खेपांत पाठवणे अशक्य नाही. ती मागणी कुणी करत नाही, म्हणून ती कुणाच्या टेबलावर नाही.

मागणी न करता कचरा साठत गेला की काय होते, ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा मिसळलेला कचरा वर्षानुवर्षे नारेगावला जात होता. २०१८ च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहरात ढीग साचले, गाड्या नवी जागा शोधू लागल्या आणि मार्चमध्ये मिटमिट्याला लोक आणि पोलीस यांच्यात हिंसक संघर्ष झाला. ओला, सुका, घातक असे आधीच वेगळे झाले असते, तर एवढा मोठा डोंगर कोणत्याच गावाच्या वेशीवर उभा राहिला नसता.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. यातले बरेचसे मला एका जुन्या पेंटरचाचांनी शिकवले.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रंग उरू न देणे. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. चार भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे ६० वजा केले की ३८०. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होते ते डब्यावर किंवा कंपनीच्या पत्रकावर असते. ते एका हाताचे आहे की दोन हातांचे, एवढे मात्र नीट विचारा. भागाकार करा आणि थोडा जास्तीचा घ्या. कमी पडला तर दुकान गावातच आहे. मशीनवर तयार करून घेतलेली छटा मात्र दुकानदार सहसा परत घेत नाही. घेताना डब्यावर शिशाच्या मर्यादेची नोंद आहे का, तेही पाहा. बिननावाचा स्वस्त ऑइल पेंट मुलांच्या पाळण्याला आणि खिडकीच्या गजांना लावू नका.

उरलाच, तर जपून ठेवा. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून ते घट्ट ठोका, डब्यावर खोली आणि वर्ष लिहा, सावलीत आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा. भिंतीला ओरखडा पडला की तोच रंग कामाला येतो. पाण्याचा रंग पाण्याच्या रंगात मिसळून त्याचा एक हात कोठीच्या किंवा परसाच्या भिंतीला देता येतो. पाण्याचा आणि तेलाचा मात्र एकत्र करू नका. चांगला, अलीकडचा रंग शेजाऱ्याला, मशिदीच्या आवारभिंतीला, समाजमंदिराला द्या. जुना, वर्ष माहीत नसलेला ऑइल पेंट अंगणवाडीला आणि शाळेला दान देऊ नका. दान म्हणजे अडगळ काढणे नव्हे.

नासलेला किंवा अगदी थोडा उरलेला पाण्याचा रंग वाळवता येतो. त्यात लाकडाचा भुसा, वाळू किंवा वाया गेलेले सिमेंट कालवा, पसरट घमेल्यात ओता आणि मुले व जनावरे पोहोचणार नाहीत अशा मोकळ्या जागी ठेवा. दगडासारखा झाला की गाडीवाल्यांना सांगून, डब्याचे झाकण उघडे ठेवून द्या. झाकण उघडे म्हणजे आत ओले काही नाही, हे त्यांना दिसते.

ऑइल पेंट, वॉर्निश आणि थिनर यांना हा उपाय नाही. ते मूळ डब्यात घट्ट बंद करून, वर नाव लिहून ठेवायचे आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळेच द्यायचे. कुंचला धुतलेले थिनर बंद बरणीत ठेवले की गाळ खाली बसतो, वरचे नितळ थिनर पुन्हा वापरता येते. जवसाच्या तेलाने किंवा वॉर्निशने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवा. बंद डबा आगीत तर कधीच टाकू नका.

कुंचला धुण्याआधी तो डब्याच्या काठावर निपटून, रद्दीवर पुसून घ्या. निम्म्याहून जास्त रंग तिथेच निघतो. पाण्याच्या रंगाचे पहिले गढूळ पाणी दुसऱ्या दिवशी तोच रंग पातळ करायला चालते. पेंटर हे काम करत असताना मालकाने बादली पुढे करावी, नळ दाखवू नये. आणि जुन्या दाराचा रंग खरवडताना आधी पाणी मारावे, म्हणजे धूळ उडणार नाही. पेंटरला चांगला मास्क आणून देण्याचा खर्च मिठाईच्या एका डब्याएवढाही नाही.

एवढे करूनही थोडे उरतेच. तिथे एकट्या माणसाचे शहाणपण संपते आणि नागरिकांचे काम सुरू होते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २००९ मध्ये कायदा केला आणि २०१० पासून रंगाच्या दुकानांतच उरलेला रंग परत घ्यायला सुरुवात झाली. त्याचा खर्च नव्या डब्याच्या किमतीत थोडी भर घालून भागवला जातो आणि जबाबदारी रंग बनवणाऱ्यांवर असते. आपल्या देशात बॅटऱ्या आणि ई-कचरा यांसाठी उत्पादकांवर अशी जबाबदारी टाकणारे नियम २०२२ मध्ये आले. उरलेल्या रंगासाठीही तेच मागायला काय हरकत आहे?

आपल्या पातळीवर तीन मागण्या पुरेत. प्रत्येक नगरपंचायतीत घातक कचरा घेणारी एक खोली आणि आठवड्यातला एक ठरलेला वार. घंटागाडीला त्या कचऱ्याचा वेगळा, झाकणाचा डबा आणि कामगारांना हातमोजे. आणि जिल्ह्याने हा माल एकत्र करून विल्हेवाट केंद्राकडे नेण्याची ठरलेली खेप. अर्ज एका पानाचा होतो. त्यावर पेंटर, भंगारवाले, रंगाचे दुकानदार आणि सफाई कामगार यांच्या सह्या आधी घ्या, आपल्या नंतर.

माझे उरलेले डबे अजून जिन्याखालीच आहेत. थिनर बाटलीतून काढून मूळ डब्यात घातले आहे, सगळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत आणि जिन्याला कुलूप आहे. ते न्यायला जागा मिळेपर्यंत ते माझे आहेत. परवा घंटागाडी आली तेव्हा ताईंनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहून विचारले, "भाऊ, आज काय आहे यात?" मी गाठ सोडून दाखवली. भाजीची देठं होती. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "असंच दाखवत जा."